रंग जागेवर आहेत

वेल्डा स्ट्रूपचं डोकं त्या शनिवारी कॉफी पोटात जायच्या आधीच फिरलं होतं. चर्चच्या तळघराचा जिना उतरतानाच तिला रांग दिसली, आणि रांगेतल्या निम्म्या लोकांच्या काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेली एकेक चौकट दिसली. म्हणजे पुन्हा तळ्यांची चित्रं. मागे डोंगर, पुढे पाणी, काठाला मेपलची झाडं, पाण्यात एक होडी आणि होडीत कुणी नाही. दर ऑक्टोबरात चर्चच्या छपरासाठी हा किंमत सांगायचा कार्यक्रम व्हायचा. चार डॉलर पेटीत टाकायचे आणि घरातली जुनी वस्तू वेल्डापुढे नाहीतर मर्लपुढे ठेवायची. एवढी वर्षं पैसे जमले, पण छप्पर गळायचं ते गळतच होतं. पेल्हॅम गावातल्या लोकांची आशाही तशीच होती, कितीही बुजवली तरी दर पानगळीत नव्यानं गळायला लागायची.

पहिलाच माणूस टोपी न काढता खुर्चीत बसला.

“आजीचं आहे,” तो म्हणाला. “हातानं रंगवलेलं. बोट फिरवून बघा, ब्रशचे उंचवटे लागतात.”

“लागणारच. साच्यानं दाबून काढलेत ते.”

“खाली सही आहे की.”

“सहीसुद्धा छापलेली आहे.”

“टीव्हीवर एका माणसाला अशाच तळ्याचे ऐंशी हजार मिळाले.”

“त्याचं तळं निराळं. तुमचं सोफ्याबरोबर आलेलं आहे. पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागद आहे हा. पंधरा डॉलर, त्यातले दहा चौकटीचे.”

माणूस उठला आणि थेट शेजारच्या टेबलावर मर्लकडे गेला. वेल्डानं सांगितलेलं कुणाला पटलं नाही, की तो मर्लकडे जायचा. मर्ल टॉमलिन हा लिलाव पुकारणारा माणूस. हत्यारं, घड्याळं, कपबशा हा त्याचा प्रांत, चित्रातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण त्याच्या तोंडात साखर होती. त्यानं चित्र हातभर लांब धरलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, “वेगळंच आहे हं.” पेल्हॅममध्ये ‘वेगळंच आहे’ याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. सुनेनं केलेलं मुळ्याचं जेली-सॅलडही वेगळंच असतं आणि पाद्रीबुवांचा फसलेला उपदेशही वेगळाच असतो. टोपीवाला मात्र खूश होऊन गेला.

“कशाला चढवतोस त्यांना?” वेल्डा म्हणाली.

“मी काय बोललो? तू सरळ तोंडावर मारतेस. आज संध्याकाळपर्यंत अर्धं गाव रडत घरी जाईल, आणि पाईचं दुकान लावलंय त्या बायकांचा धंदा बसेल.”

“आणि हे दिवे बघ. पिवळे जर्द. तळघरात किंमत करायची म्हणजे लाकडाच्या वखारीत शिवणकाम करायचं. छपरासाठी पैसे मागतात आणि एक बल्ब बदलत नाहीत.”

“वसंतात बदलले की सगळे. मीच शिडी धरली होती.”

“मग स्वस्तातले आणले असतील,” असं म्हणून तिनं पुढच्याला बोलावलं.

हल्ली सगळंच तिच्या जिवावर उठलं होतं. साबणवाल्यांनी साबणात काय घालायला सुरुवात केली होती कोण जाणे, तिचे पांढरे ब्लाऊज धुतले तरी मळकट राहायचे. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे इतके प्रखर झाले होते, की दिवस मावळल्यावर गाडी चालवणं तिनं सोडलं होतं, आणि त्याबद्दल गाडीच्या कारखानदारांना ती रोज शिव्या घालायची. आत्ता कॉफीबरोबर केकचा तुकडा आला, तोही वरून पिवळट. केकवरचं क्रीम म्हणजे पांढरं असावं, एवढंही या गावाला जमू नये याचा तिला मनापासून राग आला.

खरं तर या सगळ्या तळ्यांचा उगम वेल्डाच होती, आणि तिच्या वैतागाचं निम्मं कारण तेच होतं. शाळा संपल्या संपल्या ती कोर्टाच्या चौकातल्या क्लेपरच्या फर्निचरच्या दुकानात लागली. वरच्या मजल्यावर एक भिंत नुसती चित्रांची होती. पंचक्रोशीतलं नवं लग्न झालेलं प्रत्येक जोडपं सोफा घ्यायला यायचं, आणि सोफा ठरला की वेल्डा त्यांना वर न्यायची. सोफ्याच्या दोन तृतीयांश रुंदीचं चित्र हवं, हा क्लेपरसाहेबांचा नियम. गिऱ्हाइकाचं बोट हळूच धरून त्या उंचवट्यांवरून फिरवायचं, हाही त्यांचाच. काही बोलायचं नाही, नुसतं फिरवायचं. गिऱ्हाईक स्वतःच म्हणायचं, “अगदी खऱ्यासारखं आहे.” पुढे दुकान बुडालं, क्लेपरसाहेब वारले, आणि ‘सारखं’ हा शब्द कुठल्या कुठे गळून गेला. आता त्या बोटांची नातवंडं तीच चित्रं घेऊन तिच्यापुढे येत होती. आपणच पेरलेलं तण आपणच उपटत बसायचं, दुसरं काय.

दुकानानंतर ती मर्लबरोबर लिलावाच्या कामाला लागली. कुणी गेलं, की अंत्यविधीनंतर आठवड्याभरात वेल्डा त्या घरात असायची. खोलीखोलीतून हिंडायची, भिंग लावायची आणि सांगायची, हे ठेवा, हे विका, हे जाळा. भिंगाखाली ठिपके दिसले की छापील, नाही दिसले तर थांबून बघायचं. पुस्तकं तिनं मागवून वाचली, शिकागोच्या दलालांशी फोनवर हुज्जत घालून शिकली. एकदा तिनं कोंबड्यांच्या खुराड्यातून खरं तैलचित्र शोधून काढलं, तेव्हापासून गावात म्हणच पडली, की वेल्डाच्या नजरेतून ठिपका सुटत नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. ती म्हण हीच तिची कमाई होती, आणि ती कुणी उच्चारली की ती वरवर चिडायची आणि आतून सुखावायची.

दुपार कलायला लागली तेव्हा जिन्यावरून आधी एक काठी आली, मग ओर्फा बीची आली, आणि तिच्यामागे चौकट घेऊन तिची मुलगी जनेल आली. वेल्डा उठून उभी राहिली. ओर्फा बीचीसमोर पेल्हॅममध्ये कुणीही उठतं. शाळेच्या भटारखान्यात तिनं आयुष्य काढलं होतं, आणि बटाट्याच्या लगद्यावर तिच्या हातच्या शेवया खाऊनच गावाच्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या होत्या. वेल्डाही त्यातलीच.

“बसा, मिसेस बीची.”

“बसते. हिला उभी राहू दे,” ओर्फा मुलीकडे न बघता म्हणाली. “वेल्डा, तू मला एक चित्र विकलं होतंस. हिरव्या सोफ्याबरोबर. आठवतंय?”

“आठवतंय. पानगळीचं तळं. तुम्ही दोन वेळा परत येऊन बघून गेला होतात.”

“तिसऱ्यांदा घेतलं. माझ्या पगारातून. नवरा आठवडाभर बोलला नव्हता माझ्याशी.” तिनं काठी चौकटीवर टेकवली. “आता हे बघ आणि सांग. हे ते नव्हे. माझं हिनं विकलं आणि माझ्या भिंतीवर हे टांगलं.”

जनेलनं डोळे मिटून घेतले. पन्नाशी उलटलेली बाई, पण तिचा चेहरा शिक्षा भोगणाऱ्या मुलीसारखा झाला होता.

“आई, लोकांसमोर तरी नको.”

“लोकांसमोरच हवं. घरात तू माझं ऐकत नाहीस.”

जनेल टेबलावरून वाकली आणि वेल्डाशी हळू आवाजात बोलायला लागली, पण ओर्फाचे कान अजून तरणेताठे होते. उन्हाळ्यात आईला वृद्धाश्रमात खोली घेतली, घरचं चित्र नेऊन तिथे लावलं, आणि त्या दिवसापासून हे सुरू झालं. चोरलं, बदललं, विकलं. जेवताना तेच, फोनवर तेच, भेटायला आलेल्यांनाही तेच. आश्रमातली मुख्य नर्स म्हणाली, की ही लक्षणं आहेत. माणसं आपल्याच वस्तू ओळखेनाशी होतात आणि घरच्यांवर आळ घेतात. विसरणाऱ्यांसाठी मागे वेगळा विभाग आहे, त्याचं दार बाहेरून बंद असतं. तिथे एक खोली रिकामी झालीय, आणि हो की नाही ते सोमवारी सांगायचं आहे.

“तिनंच हट्ट धरला, तुमच्याकडे यायचं म्हणून,” जनेल म्हणाली. “वेल्डा सांगेल ते मी मानीन, म्हणाली. तेवढं सांगा. म्हणजे मला तरी कळेल.”

असली कामं वेल्डाला अजिबात आवडत नसत. चित्राची किंमत करायला बोलवायचं आणि माणसांचा न्याय करायला लावायचा. एकदा दोन भावांनी एका फुलदाणीवरून तिला साक्षीला उभं केलं होतं, तेव्हाच तिनं कानाला खडा लावला होता. पण ओर्फा समोर बसली होती. तिनं चित्र पालथं केलं. मागे तपकिरी कागद, त्यावर क्लेपरचा शिक्का, कोपऱ्यात तिचंच तिरकं अक्षर. मग सुलटं केलं, भिंग लावलं. ठिपके. दोन बर्चची झाडं, होडी, डाव्या काठावर मेपल.

“मिसेस बीची, हे तेच आहे. माझ्या हातचं अक्षर आहे मागे. जरा धुरकटलंय, भिंतीवर वर्षं काढली की धुरकटतंच. बाकी रंग जागेवर आहेत.”

“जागेवर?”

“जागेवर.”

ओर्फानं वेल्डाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा वेल्डाकडे पाहिलं. हयातभर ती कुणापुढे हार गेली नव्हती. शाळेच्या तपासनिसाला तिनं लाटणं दाखवून बाहेर काढलं होतं. ती खुर्चीत मागे टेकली आणि म्हणाली, “मग माझंच डोकं गेलं असेल. घे गं जनेल. चल.”

जनेलला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिनं चौकट उचलायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

वेल्डाला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की तिला राग यायचा. “असं काय दिसलं तुम्हाला, ते तरी सांगा,” ती जरा मोठ्यानंच म्हणाली. “चित्र तेच, होडी तीच, झाडं तीच. भांडण कशावरून आहे?”

“माझ्या मेपलला आग लागलेली होती,” ओर्फा म्हणाली. “लाल, नारिंगी, पिवळी. बाहेर बर्फ पडलं तरी माझ्या भिंतीवर ऊब असायची. हे बघ. हे गारठलंय. सगळं निळं आहे.”

“निळं? यात निळं कुठंय?”

मर्ल कॉफी घ्यायला मागून जात होता. त्यानं सहज डोकावून पाहिलं. “निळंच आहे की गं. निळं, आणि थोडं राखाडी.”

“तू तुझ्या कपबशा सांभाळ.”

“निळंच आहे,” जनेलही म्हणाली. तिला कळेना, यात वाद कसला. “ते पहिल्यापासून निळंच आहे. मी नाताळला घरी यायची तेव्हाही निळंच होतं. आई म्हणते लाल होतं, तीच तर अडचण आहे.”

“आणि लहानपणी?” वेल्डानं विचारलं.

“लहानपणी सोफ्यावरच्या चित्राकडे कोण बघतं?”

वेल्डानं चित्र दिव्याखाली नेलं. मेपल तपकिरी-सोनेरी दिसत होते, पाण्यावर मधासारखा उजेड होता, पानगळीच्या तळ्यावर असतो तसाच. तिनं चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. तिघं तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात तिला एक नवी गोष्ट दिसली, ती म्हणजे भीड. पेल्हॅमची माणसं वेगळंच आहे म्हणताना असंच बघतात.

“मर्ल, पक्कड दे,” ती म्हणाली.

तिनं मागचा कागद फाडला. गंजलेले खिळे एकेक करून उपटले. दोन तुटले, एकानं तिचा अंगठा फाडला, तिनं चर्चमध्ये न शोभणारा शब्द वापरला. चौकट सैल झाली तशी तिनं पुठ्ठा बाहेर ओढून टेबलावर ठेवला.

चौकटीच्या आतल्या काठाखाली नखाएवढ्या रुंदीची पट्टी इतकी वर्षं झाकलेली होती. चारी बाजूंनी ती पट्टी पेटलेली होती. डाव्या काठाला मेपलचा लाल, वर आभाळाचा जर्दाळू, खाली पाण्यात सांडलेलं केशर. आणि आतलं सगळं चित्र त्या पट्टीच्या मधोमध गारठून पडलं होतं. एवढा फरक वेल्डालाही दिसला. कमी दिसला असेल, पण दिसला.

“उन्हानं,” तिच्या तोंडून आपोआप निघालं, शेकडो वेळा सांगितलेलं असल्यामुळे. “सोफा खिडकीसमोर होता ना? उन्हात लाल आणि पिवळा आधी जातो. निळा चिवट, तो मागे उरतो.”

ओर्फानं बोट पट्टीवर ठेवलं आणि हळूहळू कडेनं फिरवलं. “हे माझं,” ती म्हणाली.

जनेल खाली बसली. बसायला खुर्ची नव्हती, ती मर्लच्या खोक्यावर बसली. “म्हणजे लाल होतं,” ती म्हणाली. “आई, म्हणजे लाल होतं.”

“मी दुसरं काय सांगत होते?”

“पण एका दिवसात नाही गेला रंग. वर्षानुवर्षं जात होता, तू रोज समोर बसायचीस. तुला तो आत्ता उन्हाळ्यात कसा दिसला?”

प्रश्न बरोबर होता. जनेलच्या चेहऱ्यावर सोमवार पुन्हा उतरायला लागला.

“नवीन खोलीत गेल्यावर दिसला,” ओर्फा म्हणाली. “डोळ्यांचं झालं, मग खोली घेतली, मग हे टांगलं.”

“डोळ्यांचं काय झालं?” वेल्डानं विचारलं.

“मोतीबिंदू काढले. दोन्ही. डॉक्टर म्हणाला, इतके पिकले होते की तू बीअरच्या तपकिरी बाटलीतून जग बघत होतीस. पट्टी काढली तर हिचे केस पांढरे. मला वाटत होतं ती सोनेरीच आहे अजून.”

मर्ल हसायला लागला, आणि मधेच थांबला. त्यानं वेल्डाकडे बघितलं, मग वरच्या दिव्यांकडे बघितलं, मग तिच्या बशीतल्या न खाल्लेल्या केककडे.

वेल्डानंही केककडे बघितलं. पिवळट. साबण, बल्ब, गाड्यांचे दिवे, सगळे एकेक करून तिच्यापुढे येऊन उभे राहिले. ओर्फा बाटलीतून बाहेर आली होती आणि ती अजून आत होती. रंग जागेवर आहेत, असं तिनं सकाळपासून किती जणांना सांगितलं होतं? आणि गेल्या वर्षी? त्याच्या आदल्या वर्षी? त्या शब्दावर ही म्हातारी कुलुपाआड जाणार होती. स्वतःची इतकी चीड तिला आजवर कधी आली नव्हती, आणि दोष द्यायला तिथे दुसरं कुणी नव्हतं, ना साबणवाला, ना कारखानदार.

“मिसेस बीची,” ती म्हणाली, “तुमचं डोकं ठिकाणावर आहे. जनेलनंही काही चोरलेलं नाही. चित्र तेच आहे आणि रंग गेलेले आहेत. चूक मी केली. मला ते निळं दिसतच नाहीये.”

ओर्फानं मुलीकडे मान वळवली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तिनं जनेलच्या कोटाचं वरचं बटण लावून दिलं. जनेल रडायला लागली, आणि रडता रडता चिडली. “आणि शेगडीवर भांडं विसरलीस ते? तोही मोतीबिंदूच का?”

“ते विसरले. तूही विसरतेस. तुला कुणी कोंडत नाही.”

“नाही कोंडणार,” जनेल नाक पुसत म्हणाली. “सोमवारी मी नाही म्हणून सांगते.”

वेल्डानं चौकट ओढून घेतली, नवे खिळे शोधायला लागली.

“राहू दे,” ओर्फा म्हणाली. “चौकटीत घातलंस तर ती नर्स पुन्हा म्हणेल निळंच आहे. असंच टांगते. काठ दिसू दे तिला.” मग ती काठीवर जोर देऊन उठली. “दुखत नाही गं पोरी, ऑपरेशन. पण नंतर आठवडाभर आरशापाशी जाऊ नकोस.”

दोघी जिना चढून गेल्या. जनेलच्या काखेत उघडं तळं होतं आणि त्याची कड जिन्याच्या दारातल्या उजेडात लाल दिसत होती, निदान मर्ल तसं म्हणाला. टेबलावर रिकामी चौकट आणि वाकलेले खिळे उरले होते. वेल्डानं ते बाजूला सारले. रांगेतली पुढची बाई पुढे आली, तिनं चादर सोडली, आणि आणखी एक तळं वेल्डापुढे ठेवलं.

“पणजोबांचं आहे,” ती म्हणाली. “हातानं रंगवलेलं.”

वेल्डानं भिंग उचललं, ठिपके पाहिले. तेवढे तिला अजून दिसत होते. मग तिनं शेजारच्या टेबलाकडे वळून हाक मारली.

“मर्ल, जरा इकडे ये. यातली झाडं कोणत्या रंगाची आहेत, ते सांग. आणि वेगळंच आहे म्हणालास तर बघ.”